ऑस्करने कुणालाच सांगितलं नाही

ताई,

मी अकरावी सायन्सला आहे. गाव सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहतो, कॉलेज आणि क्लास दोन्ही इथेच. घरी शेती आहे. वडिलांनी उसने-पासने करून फी भरलीय. आमच्या मजल्यावरची चार मुलं जूनपासून माझ्या मागे लागली आहेत. मी 'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो, म्हणून आधी नुसती नक्कल करायचे. मग पांघरूण ओलं करून ठेवणं, डबा सांडणं, आंघोळीला गेलो की बाहेरून कडी घालणं सुरू झालं. दिवाळीनंतर एकदा मारलं. घरी सांगितलं नाही, कारण वडील म्हणतील, गाशा गुंडाळ आणि परत ये.

मध्ये मोबाईलवर 'लेट द राइट वन इन' नावाचा एक स्वीडिश व्हॅम्पायरचा पिक्चर पाहिला. आता रोज रात्री तोच बघतो. त्यातला ऑस्कर म्हणजे मीच वाटतो. शेवटी स्विमिंग पूलमध्ये एली येऊन त्या मुलांना मारून टाकते तेव्हा इतकं बरं वाटतं की एकदा मी मोठ्याने हसलो. रूममेट म्हणाला, तू सायको आहेस. मी खरंच तसा आहे का?

दुसरं म्हणजे इथे चौकात एक दादा आहे. त्याच्या पोरांबरोबर मी कधी कधी चहा घेतो. त्याला माझं कळलंय. तो म्हणतो, "तू फक्त नावं सांग, बाकी माझ्यावर सोड." पैसे नको म्हणतो. मला तो एलीसारखा वाटतो. नावं सांगू का? कधी कधी वाटतं, मी नसलो तरी कुणाला काय फरक पडणार आहे.

नाव छापू नका.

एक वाचक, वय 17

---

प्रिय मित्रा,

नाव छापलेलं नाही, गावही नाही.

पत्रातलं शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलं आहेस. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते आणि सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर हे पान इथेच ठेव आणि 14416 ला फोन लाव. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री दोनला केलास तरी कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. तू अठराच्या आतला आहेस, म्हणजे 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइनही तुझ्यासाठीच आहे. आणि आजची रात्र खोलीत एकटा काढू नकोस. रूममेट असेल तर त्याच्याजवळ बस, नसेल तर रेक्टरांचं दार वाजव. तसा विचार मनात येत नसेल, नुसतं फार एकटं वाटत असेल, तरीही 14416 ला बोलता येतं. त्यासाठी काही टोकाचं घडलेलं असावं लागत नाही.

आता पिक्चर. तो मलाही फार जवळचा आहे, त्यामुळे तुझ्याशी त्यावर सविस्तर बोलणार आहे. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायला त्याची मदत होईल असं मला वाटतं.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2008 सालचा हा चित्रपट तोमास आल्फ्रेडसन यांनी दिग्दर्शित केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट कथापटाचा पुरस्कार मिळाला. मूळ कादंबरी 2004 ची, यॉन आयविडे लिंडक्विस्ट यांची. पटकथाही त्यांचीच. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचा हिवाळा. स्टॉकहोमच्या पश्चिमेला ब्लाकेबेर्ग हे उपनगर आहे, एकसारख्या इमारतींचं, 1950 च्या सुमारास वसवलेलं. तिथे आईबरोबर राहणारा बारा वर्षांचा ऑस्कर. आईवडील वेगळे झालेले. शाळेत कोन्नी आणि त्याचे दोन साथीदार त्याला छळतात. शेजारच्या घरात होकान नावाचा एक वयस्क माणूस आणि त्याच्याबरोबर एली राहायला येतात. एलीही दिसायला बारा वर्षांची, पण ती कितीतरी वर्षं बाराचीच आहे. तिला जगायला माणसाचं रक्त लागतं आणि ते आणायचं काम होकान करतो. बर्फाने भरलेल्या अंगणात ऑस्कर आणि एली भेटतात. पुढे त्यांची मैत्री होते.

तू विचारतोस ते पूलचं दृश्य त्यानंतर बऱ्याच वेळाने येतं. ते पुन्हा बघशील तेव्हा कॅमेरा कुठे आहे ते बघ. कोन्नीचा मोठा भाऊ यिम्मी ऑस्करचे केस धरून त्याला पाण्याखाली दाबतो. तीन मिनिटं खाली राहायचं, नाही जमलं तर डोळा काढणार, अशी धमकी. आणि कॅमेरा ऑस्करबरोबर पाण्याखाली थांबतो. वर काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, आवाजही दबलेले येतात. पाण्यात कुणाचे तरी पाय फरपटत जातात, मग काहीतरी खाली पडतं, आणि केसांवरचा हात सुटतो. हे सगळं होत असताना ऑस्करचे डोळे मिटलेले आहेत. त्याला एवढंच कळतं की पकड सुटली. आपलाही श्वास तोपर्यंत कोंडलेला असतो. तो वर येतो, एलीचे डोळे बघतो, हसतो, आणि आपणही त्याच्याबरोबर श्वास घेतो.

तू हसलास ते त्या सुटकेला हसलास. बाहेरून कडी घातलेल्या न्हाणीघरात जो मुलगा अडकून पडलाय, त्याला ते दृश्य बघून बरं वाटणारच. त्यासाठी तुला सायको व्हायची गरज नाही. मीही तो पिक्चर पाहताना तिथे सुटकेचा श्वास सोडला होता, आणि मला कुणी कडी घातलेली नव्हती. रात्री अंथरुणात पडून तू मनातल्या मनात त्या चौघांना काय काय करत असशील याचीही मला कल्पना आहे. ऑस्करही तेच करतो. झाडाला कोन्नी समजून सुरी मारतो, खुनाच्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवतो. कुणाला सांगता येत नाही असा राग मनात साठला की तो अशी वाट काढतो. मनात येणं आणि हातून होणं यांत फार मोठं अंतर आहे. ते अंतर शाबूत ठेव एवढंच मी सांगेन. तुझ्या पेटीत ऑस्करसारखी एखादी सुरी किंवा ब्लेड असेल तर ती आजच टाकून दे.

ते दृश्य पाहताना आणखी एका मुलाकडे लक्ष गेलं का तुझं? ऑस्कर वर आल्यावर कॅमेरा दूर जातो आणि पूलच्या कडेला एक मुलगा दिसतो. तो जिवंत आहे. बाकावर बसून हमसून रडतोय. तो त्या टोळक्यातलाच. एलीने त्याला सोडलंय. दिग्दर्शकाने सूड पूर्ण होऊ दिला असता तर हा मुलगा तिथे नसता. मला तो मुलगा कायम आठवतो, कारण शाळेत शिकवत असताना त्रास देणाऱ्या प्रत्येक टोळक्यात मी तो पाहिलेला आहे. पुढाकार एकाचा असतो, एखादा त्याची री ओढतो, आणि एकाला आतून नको असतं पण बोलायची छाती नसते. तुमच्या मजल्यावरच्या चौघांतला तो कोण आहे, हे तुला बहुतेक माहीत असेल. ते नाव डोक्यात ठेव. चौकशी झाली की सगळ्यांत आधी खरं बोलणारा तोच असतो.

आता दादा. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

तो तुला एलीसारखा वाटतो, कारण एलीही हेच म्हणते. ऑस्करच्या गालावरची जखम बघून ती त्याला सांगते, परत मार, जोरात मार, आणि तरी नाही थांबले तर मी आहे. ऑस्कर ऐकतो. बर्फावर सहल गेलेली असताना तो लांब दांडा कोन्नीच्या कानावर हाणतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा आनंद दिसतो आणि आपल्यालाही तो मिळावासा वाटतो. पण पुढचं बघ. त्या कानाचा हिशेब चुकता करायला यिम्मी येतो. पूलचं पाणी, तीन मिनिटं, डोळा काढायची धमकी, हे सगळं त्या एका फटक्यातून येतं. एली नसती तर ऑस्कर त्या पाण्यातून वर आला नसता. तुझ्या दादाने त्या चौघांना चोपलं, तर त्यांच्यातल्या कुणाचा भाऊ, कुणाचा मामेभाऊ, कुणाचा दुसऱ्या चौकातला दादा येणार आहे. आणि वसतिगृहात रात्री तू एकटाच असणार आहेस. दादा तिथे झोपायला येत नाही.

आणखी एक गोष्ट या पिक्चरमध्ये फार मन लावून केलेली आहे. एलीच्या भुकेला बळी पडणारी माणसं कोण आहेत? परिसरातले काही मध्यमवयीन लोक, जे एका चिनी हॉटेलात जमतात, पितात, एकमेकांचे पैसे उडवतात. योक्के, लाक्के, वर्जिनिया. कुणाकडे धड काम नाही, कुणाकडे घरचं माणूस नाही. तेही एकटेच. आल्फ्रेडसन त्यांना वेळ देतो. मित्र गेल्यावर लाक्के कसा कोसळतो ते दाखवतो, त्याचं आणि वर्जिनियाचं अर्धवट प्रेम दाखवतो. भयपटांत असे बळी नुसते मोजायला असतात. इथे तसं नाही. ऑस्करला मिळालेल्या आधाराची किंमत ही माणसं देतात, आणि ऑस्करला त्यांची नावंही माहीत नाहीत. म्हणून मी तुला विचारते, दादा पैसे नको म्हणतो, मग किंमत कोण देणार आहे?

माझ्या माहितीप्रमाणे ती तू देणार आहेस, हप्त्याहप्त्याने. आधी मिरवणुकीत झेंडा धरायला ये. मग वाढदिवसाच्या बॅनरवर तुझाही फोटो. मग रात्री गाडीवर मागे बस, एक पाकीट पोचवायचंय, आत काय आहे विचारू नको. मग कुणाला तरी दमात घ्यायचंय, तू नुसता उभा राहा. नाही म्हणायची सोय राहत नाही, कारण तुझ्यासाठी एकदा हात उचललेला असतो. आणि तू दिलेल्या नावांवर मारहाण झाली, एखाद्याचं डोकं फुटलं, तर पोलिसांच्या कागदावर तुझंही नाव येतं. मग तुझ्या वडिलांना त्या पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागेल. पुढच्या वेळी चहाला गेलास तर दादाच्या आजूबाजूच्या पंचवीस-सव्वीसच्या पोरांकडे नीट बघ. त्यातले किती जण आधी कुणाचा तरी मार खाणारे होते, ते विचार. नुसत्या गप्पांत कळेल.

एलीचं मात्र वेगळं आहे, आणि ते वेगळेपण मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्याच भेटीत ती ऑस्करला सांगून टाकते की आपली मैत्री होऊ शकत नाही. तो विचारतो तेव्हा ती स्वतःबद्दल खोटं बोलत नाही. मी मुलगी नसले तरी आवडेन का, असंही विचारते. त्याने प्रेमाने दिलेली गोळी तोंडात घालते, ती तिला पचत नाही, आडोशाला जाऊन ओकते, आणि ऑस्कर तिला मिठी मारतो. आणि दाराचा तो प्रसंग! व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, ही जुनी समजूत. ऑस्कर चेष्टेने म्हणतो, न बोलावता आलीस तर काय होईल, बघू. एली आत येते. तिच्या डोळ्यांतून, कानांतून, अंगातून रक्त झिरपायला लागतं. तो घाबरून ओरडतो, ये, तू येऊ शकतेस. आपण कोण आहोत आणि आपल्याला जवळ घेणं किती धोक्याचं आहे हे ती त्याला स्वतःच्या अंगावर दाखवते. ठरवायचं त्याच्यावर सोपवते.

तुझ्या दादाने त्याची भूक कधी दाखवलीय का? त्याला काय हवंय हे एकदा तरी सांगितलंय का? तो म्हणतो, काही नको. एवढ्यावरून तरी सावध हो.

तुला होकान आठवत असेल. एलीसाठी माणसं मारणारा, शेवटी पकडला जाणारा, आपल्यामुळे तिचा माग लागू नये म्हणून स्वतःच्या तोंडावर तेजाब ओतून घेणारा. हॉस्पिटलच्या खिडकीत तो स्वतःची मान तिच्यापुढे करतो. अनेक प्रेक्षकांना वाटतं की होकानही कधीकाळी ऑस्करसारखाच एक एकटा मुलगा असणार आणि शेवटी एलीला घेऊन आगगाडीने निघालेला ऑस्कर पुढे होकान होणार. चित्रपट तसं ठामपणे म्हणत नाही. कादंबरीत होकानची गोष्ट वेगळी आहे, आणि खुद्द लिंडक्विस्ट यांना हा अर्थ मान्य नव्हता. ऑस्कर आणि एलीचं पुढे वेगळं काही झालं असं सुचवणारी एक कथाही त्यांनी नंतर लिहिली. लेखकाचा त्या दोघांवर जीव होता, ते मला फार आवडतं. पण चौकातल्या गोष्टीला असा लेखक नसतो. तिथे होकान होणं हेच नेहमी घडतं.

म्हणून नावं सांगू नकोस. दादाशी वाकडं बोलायचीही गरज नाही. "घरच्यांना सांगितलंय, वडील येऊन बघणार आहेत," एवढं म्हण आणि हळूहळू चहा कमी कर. क्लासची वेळ बदलली हे कारण पुरतं.

आता ज्यासाठी मी तुझं पत्र निवडलं ते सांगते. ऑस्करने काय केलं नाही, याकडे तू इतक्या वेळा पिक्चर बघून लक्ष दिलंस का? गालावर फटका बसलेला असतो, आई विचारते, तो म्हणतो पडलो. वडिलांकडे जातो. वडील प्रेमळ आहेत, दोघं बर्फात खेळतात, रात्री फुली-गोळा मांडून बसतात. मग वडिलांचा मित्र बाटली पुढ्यात घेऊन बसतो आणि मुलगा समोर असून विसरला जातो. शाळेत आविला नावाचे एक शिक्षक आहेत, व्यायाम घेणारे. चांगले आहेत. ऑस्कर त्यांच्याकडे ताकद कमवायला जातो, पण का जातोय ते सांगत नाही. पूलच्या दिवशी त्या पोरांना आविलांना बाहेर काढायला कचऱ्याच्या डब्याला आग लावावी लागते, म्हणजे तो माणूस तिथे असता तर त्यांना हे जमलं नसतं. आई, वडील, शिक्षक, तिघंही हाकेच्या अंतरावर. मोठ्या माणसांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, हा दोष त्यांचा. त्याची पुरेपूर जाणीव मला आहे, आणि ते पाहताना मला त्या मोठ्यांचा रागच येतो. पण ऑस्करला रक्त पिणाऱ्या मुलीशिवाय कुणीच उरत नाही, ते या सगळ्या गप्प बसण्यामुळे.

लिंडक्विस्ट स्वतः ब्लाकेबेर्गमध्ये वाढले. ऑस्करचे शाळेतले हाल त्यांनी स्वतःच्या लहानपणातून घेतलेत. आल्फ्रेडसन यांनीही सांगितलंय की शाळेत असताना त्यांचे काही दिवस फार वाईट गेले. त्या दोघांना कुणी एली भेटली नव्हती. एक जण जादूचे प्रयोग करत, रंगमंचावर लोकांना हसवत पस्तिशीत कादंबरीकार झाला. दुसऱ्याने ती कादंबरी वाचून पिक्चर केला. आणि आता तो महाराष्ट्रातल्या एका वसतिगृहातला मुलगा रात्री कानात हेडफोन घालून बघतोय. मला यात धीर वाटतो. तुलाही वाटावा.

आता तू करायचं काय ते सांगते.

तुझ्याकडे ऑस्करकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कायदा. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आहे. रॅगिंग म्हणजे नव्या मुलांना नाचायला लावणं, एवढंच लोकांना वाटतं. कायद्यात मात्र विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा शारीरिक, मानसिक त्रास होईल असं कुठलंही वागणं त्यात येतं. चिडवणं, शिव्या, धमक्या, चेष्टेच्या नावाखाली केलेला छळ, मारहाण, सगळं. कॉलेज, वसतिगृह आणि क्लास, तिन्ही त्याच्या कक्षेत आहेत. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. मुलाला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. पण तुझ्या दृष्टीने सगळ्यांत कामाचं कलम वेगळंच आहे. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायचीच आहे. तथ्य दिसलं तर त्या मुलांना निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची आहे. त्यांनी हयगय केली तर तेही दोषी धरले जातात. ही तक्रार तू करू शकतोस, तुझे आईवडील करू शकतात, शिक्षकही करू शकतात.

यातला 'लेखी' हा शब्द विसरू नकोस. तोंडी सांगितलेलं, "बघतो, मुलं आहेत, समजावतो," इथेच संपतं.

आज रात्री पिक्चर लावायच्या आधी एक वही घे आणि जूनपासूनचं आठवेल तेवढं लिही. तारीख आठवत नसेल तर 'दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात' असंही चालेल. कुठे, किती वाजता, कोण, काय केलं, कुणी पाहिलं. कोरडी वाक्यं लिही, राग लिहू नकोस. इथून पुढे काही झालं तर त्याच दिवशी नोंद कर, ओल्या पांघरुणाचा फोटो काढ. मार लागला तर सरकारी दवाखान्यात जा, केसपेपर काढ, डॉक्टरांना कसं लागलं ते खरं सांग. ऑस्करसारखं 'पडलो' म्हणू नकोस. मारणारे त्या एका शब्दावर निर्धास्त असतात.

मग वडिलांना फोन. मला माहीत आहे की तुझ्यासाठी सगळ्यांत अवघड हेच आहे. उसने-पासने करून फी भरणारा बाप मुलाचा छळ चाललाय हे ऐकून पहिल्यांदा 'परत ये' असंच म्हणेल, कारण त्याच्या हातात तेवढंच आहे असं त्याला वाटेल. म्हणून त्यांना नुसता त्रास सांगू नकोस, काम सांग. "बाबा, मला शिकायचंय, परत यायचं नाही. मला तक्रार द्यायचीय, त्यावर तुमची सही हवी आणि देताना तुम्ही बरोबर हवे." फोनवर जमणार नसेल तर आधी आईला सांग किंवा मामाला, ज्याच्याशी तुझं जमतं त्याला. तू त्यांना काय म्हणतोस तसंच म्हण, माझे शब्द पाठ करू नकोस.

अर्ज प्राचार्यांच्या नावे कर, एक प्रत वसतिगृहाच्या रेक्टरांना आणि एक क्लासच्या प्रमुखांना. वहीतल्या नोंदी त्यात उतरव, त्या चौघांची नावं तिथे लिही. नावं देण्याची जागा ती आहे. शेवटी 1999 च्या अधिनियमाखाली सात दिवसांत चौकशी व्हावी अशी विनंती कर. आणि तोवर तुझी खोली किंवा मजला बदलून मिळावा हेही माग. हलवायचं तर त्या चौघांना हलवा, असं वडिलांना म्हणू दे. ऑफिसात देताना दोन प्रती ने, एकावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घे. "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील" म्हणाले तर तिथेच बसून राहा. जीव धोक्यात वाटला, दार बाहेरून बंद झालं, मारायला आले, तर थेट 112.

रूममेटबद्दलही बोलू. सायको म्हणाला ते तुला लागलं, साहजिक आहे. पण मजल्यावर कुणाच्या खोलीत काय चालतं हे त्याला माहीत आहे, आणि बहुतेक तोही घाबरलेला आहे. त्याला एकदा पिक्चर बरोबर बघायला बोलाव. पहिल्यापासून, शेवटचा सीन नुसता नको. नाही पटला तर नाही पटला. पण तू का हसलास ते त्याला कळेल, आणि साक्षीला कुणीतरी लागणार आहे.

ऑस्कर आणि एलीची ओळख पूलच्या दृश्याने झालेली नाही, हेही बघताना लक्षात घे. ऑस्कर तिला रुबिक क्यूब देतो, ती सोडवून परत ठेवते. मग मोर्स कोड शिकून दोघं भिंतीवर टकटक करून बोलतात. सुटका करणारी एली शेवटी येते, त्याच्या आधी कितीतरी दिवस ती क्यूब परत करणारी एली असते. तुझ्या मेसमध्ये ताट घेऊन एकटं बसणारं आणखी कुणीतरी असेल. 'पानी' म्हणणारं तर असेलच, तू एकटाच गावातून आलेला नाहीस. त्याच्याजवळ ताट घेऊन जा. "इथे बसू का" विचार. फिजिक्सचं गणित अडलंय म्हण, खोटं असलं तरी चालेल.

पिक्चर बघणं बंद कर असं मी सांगणार नाही. रात्री बारानंतर मात्र नको, कारण झोप न झालेल्या डोक्याला सगळंच जास्त काळं दिसतं. तू सकाळी क्लासला बसतोस तेव्हा डोळ्यांची काय अवस्था असते ते मी न बघता सांगू शकते.

अर्ज दिलास की पोच मिळालेल्या कागदाचा फोटो मला पाठव, नावं झाकून पाठवलास तरी चालेल. आठव्या दिवशी काहीच हललेलं नसेल तर तसंही कळव. पोलीस ठाण्यात द्यायचा पुढचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.

तुझी,
ताई